किती पावलं?

डोंगरावरून शिकार करून आलेला माणूस दुकानात शिरला की बाकीचे सगळे विचारायचे, शिंगं केवढी होती. काका विचारायचे, “किती पावलं?” म्हणजे गोळी लागल्यावर जनावर किती पावलं चाललं. दहाच्या आत उत्तर आलं की नुसती मान डोलवायचे. तीसच्या वर गेलं की चष्मा कपाळावर चढायचा आणि उलटतपासणी सुरू व्हायची. टेकू कशाचा घेतला, धाप थांबली होती का, ट्रिगर दाबला की ओढला. ज्यांच्या मालकीचे डोंगरच्या डोंगर आहेत असे जमीनदार या पाच फूट चार इंचांच्या नागपुरी माणसापुढे गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

एडिनबराच्या एका चढाच्या गल्लीत शिकारीच्या रायफलींचं हे जुनं दुकान आहे. काका तिथे मागच्या खोलीत तीसेक वर्षं रायफली दुरुस्त करत होते. नाव लिहीत नाही; त्यांना ते आवडलं नसतं. मी काका म्हणायची, आणि माझं ऐकून काही गोरी गिऱ्हाइकंही ‘मिस्टर काका’ म्हणू लागली होती. त्यांनी कुणालाही सुधारलं नाही.

माझं काम झाडं लावण्याचं. मी नाशिकची, इथे जंगलशास्त्र शिकायला आले आणि राहिले. स्कॉटलंडमधले लांडगे केव्हाच संपले, त्यामुळे लाल हरणं, म्हणजे आपल्या सांबराची चुलत भावंडं म्हणा, भरमसाट वाढली. आम्ही लावलेली रोपं ती शेंड्यापासून खातात. तेव्हा जो झाडं लावतो त्यालाच हरणंही मारावी लागतात. आई नाशिकला सांगते की मुलगी फॉरेस्टमध्ये ऑफिसर आहे, आणि तिथेच थांबते.

तर स्वतःची पहिली रायफल घ्यायला मी त्या दुकानात गेले. फॉर्मवरचं माझं आडनाव वाचून काका मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले. “जय भीम. जेवलीस का?” पहिलं वाक्य हे. दुसरं, “किती वजनाची पाहिजे ते सांगू नको. चढ किती आहे ते सांग.”

मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. ती त्यांची नेहमीची रीत होती, हे मला नंतर कळलं. दुकानाशेजारून दगडी पायऱ्यांची एक अरुंद वाट वरच्या रस्त्याला जाते, सत्तरएक पायऱ्या असतील. हव्या त्या रायफलीच्या वजनाइतकी वाळू भरलेली कॅनव्हासची लांबट पिशवी खांद्याला लावून ती वाट झपाझप चढायची, आणि वर पोचल्या पोचल्या सुईत दोरा ओवायचा. काका सुई घेऊन आधीच वर उभे. माझ्यापुढे रांगेत एक सहा फुटी बँकवाला होता. वर पोचून तो तीन मिनिटं दोऱ्याला थुंकी लावत राहिला आणि शेवटी काकांकडे बघून ओशाळं हसला. काकांनी त्याला सर्वांत जड पिशवीवरून सर्वांत हलकीवर आणलं. मी पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटला, आणि पुढचा सगळा घोळ त्या अभिमानानेच केला.

काकांचं गणित सरळ होतं. हलकी रायफल चढावर सुख देते, पण गोळी सुटताना तिचा धक्का जड रायफलीपेक्षा जास्त बसतो. काडतूस जितकं मोठं तितका धक्का आणखी. धक्क्याची एकदा धास्ती बसली की गोळी सुटायच्या आधीच खांदा आक्रसतो आणि डोळा मिटतो. मग गोळी काळजात न जाता पोटात जाते. “एक तर रायफल हलकी घे, नाहीतर काडतूस मोठं घे,” ते म्हणाले. “दोन्ही एकदम कोणाला परवडत नाही.” मला त्यांनी मधलं काडतूस सुचवलं, सिक्स-पॉइंट-फाइव्ह. लाल हरणाला पुरून उरतं आणि खांद्याला शिवी देत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण आमच्या टीममध्ये मी एकटी बाई, आणि बाकीच्या चौघांकडे होती थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे त्याहून बरंच मोठं काडतूस. सिक्स-पॉइंट-फाइव्ह घेऊन गेले असते तर कुणी काही बोललं नसतं, नुसतं बघितलं असतं. ते बघणं मला नको होतं. इथे परवान्यावर काडतुसाचं माप लिहिलेलं असतं, बदलायचं तर पुन्हा पोलिसांकडे अर्ज. मी थर्टी-ऑट-सिक्सचाच अर्ज केला, आणि रायफल घेतली दुकानातली सर्वांत हलकी, अडीच किलोच्या आतली. काकांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “काहून घाई करून राहिली तू?” मी म्हटलं, हंगाम जवळ आलाय. त्यांनी रायफल बांधून दिली.

काकांनी स्वतः आयुष्यात एकही जनावर मारलं नाही. गोळ्या झाडायचे त्या कागदावर. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला, कम्युनिटी हॉलमध्ये, एका तरुण डॉक्टरने त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतं की काका, पंचशील घेता आणि रायफली नीट करून देता, हे कसं काय. काका खिरीची वाटी खाली ठेवून म्हणाले, “मारणारे मारणारच आहेत, बाबा. ते अर्धवट मारू नयेत, एवढं मी बघतो.” डॉक्टरचं समाधान झालं नाही. काकांचंही झालेलं नसावं, कारण परतताना ट्रॅममध्ये तेच वाक्य त्यांनी मला पुन्हा दोनदा ऐकवलं. मी आणून दिलेलं हरणाचं मटण मात्र ते नागपुरी मसाल्यात असं करायचे की डोळ्यातून पाणी यावं. याबद्दल मी त्यांना टोमणा मारला की म्हणायचे, मी शाकाहारी आहे असं कोणी सांगितलं तुला?

‘किती पावलं’चा उगम त्यांनी मला एकदाच सांगितला, चहा गाळता गाळता. दुकानात नवे असताना एका गिऱ्हाइकाच्या हट्टाखातर त्यांनी हलक्या रायफलीला मोठं काडतूस दिलं होतं. त्या माणसाने नर हरीण पोटात जखमी केलं, ते निघून गेलं, आणि तो गृहस्थ संध्याकाळी हॉटेलात जेवायला बसला. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवसांची रजा काढली, तिथल्या राखणदाराचा कुत्रा बरोबर घेतला आणि ते डोंगर तुडवत राहिले. सापडलं नाही. “अजून चालूनच राहिलंय ते,” एवढं म्हणून त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

मला वाटतं, तुमच्या ओळखीतही अशी माणसं असतील, ज्यांच्यापुढे खोटं बोलताना जीभ जड होते. माझी झाली नाही.

जानेवारीतली गोष्ट. बर्फ होतं. मादी शंभर मीटरवर आडवी उभी होती, याहून सोपी वेळ मिळत नाही. पण तोवर माझा खांदा दोन महिने त्या रायफलीचा मार खाऊन काळानिळा पडला होता. ट्रिगरवर बोट गेलं आणि डोळा मिटला. गोळी लागली ती मागे, पोटात. ती पळाली. मी आणि एक सहकारी तीन तास बर्फातल्या रक्तामागे चाललो. शेवटी ती एका ओढ्यात सापडली. मागचे पाय पाण्यात होते, मान वर होती आणि ती माझ्याकडे बघत होती. दुसरी गोळी मी जवळून घातली.

शनिवारी दुकानात गेले. काकांनी विचारलं, “किती पावलं?”

“सहा.”

“सहा,” ते म्हणाले. “बरं.”

चष्मा कपाळावर चढला नाही. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते. मग ते म्हणाले, रायफल ठेवून जा, खांद्याला टेकतो तो मागचा रबरी पॅड कडक झालाय, बदलून देतो. पुढच्या शनिवारी रायफल परत देताना म्हणाले, “नवा पॅड जरा जड आहे. चालवून घे.”

मी चालवून घेतलं. चढावर रायफल जड लागायची, ते मी वयावर ढकललं. धक्का मात्र एकदम कमी झाला. मला वाटलं, पॅड चांगला आहे, आणि त्याहून जास्त वाटलं ते हे की अखेर मला जमू लागलं. डोळा मिटायचा थांबला. त्या हंगामात पुढचे आकडे चार, नऊ, शून्य, सात. सगळे खरे. काका ऐकायचे, मान डोलवायचे, जेवलीस का विचारायचे. टीममधला एकजण म्हणाला की तुझ्यासारखा शांत हात आमच्यात कुणाचा नाही. हेही मी काकांना सांगितलं. “असं का?” म्हणून ते कानसीने काहीतरी घासत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. आजारपण थोडंच होतं. क्रिमेटोरियममध्ये वंदना झाली, आणि मागच्या बाकांवर जाड ट्वीडचे कोट घालून बारा-तेरा शिकारी बसले होते. त्यांना पालीतलं अक्षर कळत नव्हतं, पण सगळे उठतील तेव्हा तेही उठत होते. तो बँकवालाही होता. बाहेर आल्यावर त्याने पाकीट उघडून मला दाखवलं. आत एक सुई होती, दोरा ओवलेली. मला तिथे रडू आवरलं नाही.

ऑक्टोबरमध्ये माझा पॅड खरोखरच झिजला. दुकानात काकांच्या जागी आता एक तरुण स्कॉटिश बाई आहे, हात चांगला आहे तिचा. तिने दोन स्क्रू काढले, पॅड बाजूला केला आणि रायफलीच्या लाकडी दस्त्याच्या पोकळीत बघत राहिली. मग चिमट्याने एक पिशवी ओढून काढली. निळ्या कापडाची होती, काकांच्या कामाच्या एप्रनचं कापड. दुहेरी टाक्यांनी शिवलेली, खडखडू नये म्हणून भोवती कापूस. आत शिशाचे छर्रे. तिने काट्यावर ठेवली. चारशे ग्रॅमच्या वर भरली.

“कुणीतरी मुद्दाम भरलंय हे,” ती म्हणाली. “वजन वाढवून धक्का कमी करायला. पॅड साधाच आहे.”

मी स्टुलावर बसले. जानेवारीत तो पॅड तीन महिन्यांचा होता. तीन महिन्यांत रबर कडक होत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि त्या शनिवारी मी बॅग डाव्या खांद्यावर घेऊन आत शिरले होते. मी कायम उजव्यावर घेते, आणि रायफलही त्याच खांद्याला लावते. काकांना बाकी काही विचारायची गरजच पडली नसेल. माझ्या एका खोट्याला त्यांनी आपलं एक खोटं दिलं, आणि मला पावणेदोन वर्षं ते डोंगरावर वाहायला लावलं.

तिने विचारलं, काढून टाकू का? मग तुझी हलकी रायफल तुला परत मिळेल.

पिशवी माझ्या तळहातावर होती. मी तिच्याकडेच बघत म्हटलं, “सहा नव्हती, काका. मोजलीच नाहीत मी. तीन तास चालली ती.”

त्या बाईला मराठी कळत नव्हतं. ती म्हणाली, सॉरी?

काही नाही, म्हटलं, हे होतं तिथेच ठेव आणि स्क्रू घट्ट बसव.