कोरा चौकोन

समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यायचे, मास्क नाकावर नीट बसवायचा आणि शांतपणे विचारायचे, "पुढे?" ही तिची लकब. इथे परदेशात, वेस्टमीडच्या आमच्या प्रयोगशाळेत कोविडच्या नमुन्यांचे ढीग येत होते, तेव्हा या एका शब्दाने तिने भल्याभल्यांची कुरकुर थांबवलेली मी पाहिली आहे.

ती नागपूरची, मी पुण्याची. पहिल्याच आठवड्यात मी आडवळणाने विचारले, कॉलेजचा प्रवेश कोणत्या यादीतून झाला होता. आपल्यापैकी कित्येकांनी कुणाला तरी असे विचारले असेल. आडनावावरून उलगडा झाला नाही की आपण यादीकडे वळतो. तिने हातातले पिपेटही खाली ठेवले नाही. "राखीव जागेतून. पुढे?"

माझी मेडिकलची जागा थोडक्यात हुकली होती. ती 'त्यांच्यामुळे' गेली, हे आमच्या घरी इतक्यांदा बोलले गेले की मी ते कधी तपासून पाहिले नाही.

मग वरिष्ठ पदाची जाहिरात निघाली. स्थलांतरित स्त्रियांना प्राधान्य हवे असल्यास अर्जातल्या एका चौकोनात खूण करायची होती. तिने केली. मी केली नाही. मला केवळ गुणवत्तेवर निवडून यायचे होते. पद तिला मिळाले. तिचे काम माझ्याहून निर्दोष होते, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी अधिक जळत होते.

एका दुपारी चहाला दोन मीटरवर बसलेल्या ग्रेगला, आमच्या जुन्या सहकाऱ्याला, मी हळूच सांगितले की ती भारतातही कोट्यातूनच आली होती. आठवड्याभरात ते सगळीकडे पसरले. तिने मला बाजूला घेतले.

"खोटं नाही सांगितलंस. पण तो तुलाही त्याच रांगेत धरतो गं."

"मी तर खूण केली नव्हती."

"ते त्याला कुठे माहीत आहे?"

कोविडमुळे बंद असलेल्या इथल्या राज्यांच्या सीमा उघडल्यावर ती नवऱ्याकडे दुसऱ्या राज्यात, वेरिबीला गेली. जाताना रिकाम्या पदासाठी माझे नाव सुचवून गेली. याही खेपेला चौकोन कोरा ठेवून मी अर्ज केला आणि पद मिळाले. ग्रेगने तोंडभरून अभिनंदन केले. "गुड ऑन यू. हल्ली तुमच्या लोकांचं बरं आहे."

मी तिचा नंबर काढला. मग मनात आले, हे ऐकून ती मनापासून हसेल. तसे हसता येणे, तिचे तेवढे एक, मला अजून पाहवत नाही. मी फोन केला नाही.