ब्रह्मदेशाहून आलेली फ्लॉपी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, असं स्वतःला समजावत आलो. पण घडलं होतं.

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि तो झालो गावच्या गुरुजींमुळे. वसमतच्या वसतिगृहात जागा भरल्या होत्या, तेव्हा माझ्यासाठी ते दिवसभर ऑफिसच्या दाराशी बसून राहिले — उठलेच नाहीत. त्या माणसाशी मी असं वागलो.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. कॉम्प्युटरचा कोर्स करून मी हिंगोलीत एका डीटीपीच्या दुकानात लागलो होतो. लग्नपत्रिका, हळदीच्या आडतीची पत्रकं, असलं काम. गुरुजी निवृत्तीनंतर ब्रह्मदेशातल्या एका विहारात वर्षभर राहून आले होते. तिथल्या म्हाताऱ्या भन्तेंची प्रवचनं त्यांनी तिथल्याच लिपीत, तिथल्याच कॉम्प्युटरवर, एकेक अक्षर शोधत टाइप केली होती. पुढे भन्ते वारले. प्रवचनं तेवढी एका फ्लॉपीत उरली. मी ती छापून द्यायची आणि गुरुजींनी पानं समोर ठेवून त्यांचं मराठी करायचं — गावच्या विहारात वाचायला.

गुरुजी फ्लॉपी घेऊन दुकानात आले. मी फाइल उघडली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मागे चार गिऱ्हाइकं उभी. मालक म्हणाला, "गुरुजी, की-बोर्डावरून मांजर गेलं काय?"

सगळे हसले. गुरुजीही हसले. "आमचं पोरगं हाय ना. त्याला कळतंय बराबर."

आणि मी म्हणालो, "व्हायरस आहे."

काहीच कळत नव्हतं म्हणून म्हणालो का? नाही — कळत होतं. तेव्हा आमचं मराठीही असंच चालायचं. मशीनला आपलं अक्षर ठाऊकच नसे. आत इंग्रजी अक्षराचा नंबर आणि त्यावर फॉन्टने चढवलेलं मराठी रूप. फॉन्ट नसला की मराठी पत्रिकासुद्धा अशीच दिसायची. हे मी रोज पाहत होतो. पण ब्रह्मदेशाची अक्षरं आपल्याला नीट उमटवता येतील का, याची खात्री नव्हती. चार माणसांत "बघावं लागेल, मला येत नाही" एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

व्हायरस सापडला की फ्लॉपी पुसायची, मगच परत द्यायची, असा दुकानाचा नियम होता. गुरुजींनी विचारलं, "पुसल्यावर राहतंय का काही?"

"न्हाई गुरुजी."

ते म्हणाले, "पूस लेकरा. माझ्यापायी दुसऱ्याच्या मशीनला तकलीफ काहून?"

मी पुसली. त्यांच्यासमोर.

गावात त्यांनी सांगितलं, पोरानं वेळेवर ओळखलं. माझं कौतुक झालं. ते मी ऐकून घेतलं — पुन्हा पुन्हा.

पुढे युनिकोड आलं. जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला त्याचा स्वतःचा नंबर मिळाला, ब्रह्मदेशाच्याही. सरकारी कार्यालयातल्या कारकुनांना मी ते शिकवलं. जुन्या फाइली पाहून कुणी घाबरलं की मी म्हणायचो, अहो, काही गेलेलं नाही, सगळं आत आहे. हे म्हणताना माझी जीभ अडखळत नसे.

गुरुजींनी आठवेल तसं लिहायला घेतलं होतं. दोनशे पानी वहीची अकरा पानं भरली. "भन्ते काय म्हणायचे ते ध्यानात हाय, कसं म्हणायचे ते न्हाई," असं ते मला म्हणाले होते. मी चहा पीत ऐकत होतो. आता गुरुजी नाहीत.

इथवर सांगून थांबलो, तर पुन्हा खोटंच बोलल्यासारखं होईल. त्या फ्लॉपीत दोन फाइली होत्या. दुसरी त्याच अक्षरांच्या फॉन्टची होती; ती मशीनवर चढवली असती, तर सगळं दिसलं असतं. गुरुजींनी ती तिकडून आठवणीनं घालून आणली होती. तिचं नाव मी वाचलं. मग पुसलं.