डेल्बर्टची घुमणारी खोली

नॅशव्हिलच्या आमच्या स्टुडिओत कंट्री गायकांच्या आवाजाला घुमारा यावा म्हणून मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती. तिथं स्पीकरवर आवाज वाजवायचा आणि भिंतींवरून घुमून आलेला माइकनं टिपायचा. ती डेल्बर्ट हस्कीनं बांधली. माल मी कालवला. भिंती काचेसारख्या गुळगुळीत होईपर्यंत त्यानं गिलावा तीनदा खरवडून पुन्हा केला. पुढं तीस वर्षं तोच त्यांना वार्निश देत राहिला.

हॉटेलसाठी स्टुडिओ पाडायचं ठरलं. डेल्बर्टनं मालकाला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. पाडायच्या दिवशी आम्ही दोघं रस्त्यापलीकडं उभे राहिलो. दुपारपर्यंत सगळं कोसळलं. ती खोली मात्र हलेना.

"कुठल्या गाढवानं बांधलीय ही?" यंत्रावरचा माणूस वैतागून ओरडला.

"ह्या गाढवानं," डेल्बर्ट म्हणाला. मग हळूच मला म्हणाला, "जरा कामचुकारपणा केला असता, तर एकदाची पडली तरी असती रे."

ती तिसऱ्या दिवशी पडली. तिन्ही दिवस तो तिथंच उभा होता.