हात लावण्याआधी

भंगाळेदादा आमच्या घरात शिरत ते दारातलं पायपुसणं छत्रीच्या टोकाने उचलून, त्याखाली बघून. विंचू असतो, म्हणत. आमच्याकडे विंचू कधी निघाला नाही, पण ऊन असो की थंडी, छत्री त्यांच्या हातात असायचीच. विमा कंपनीत नोकरी, त्यामुळे जगात काय काय जळतं, बुडतं आणि कोसळतं याची त्यांना पक्की माहिती. तापीला पाणी चढलं की जैनाबादच्या पुलाकडे ते फिरकायचेही नाहीत. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आज माझे दोन्ही हात जागेवर आहेत ते या भित्र्या माणसामुळे.

आमची ओळख खेळातली. माझा भाऊ नितीन पुण्याहून शिकून बुऱ्हाणपूरला परतला तो एक वेड घेऊनच. दर रविवारी दुपारी तो एक गोष्ट सांगायचा, आम्ही प्रत्येकाने त्यातलं एक पात्र व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्टीत भुयारं, राक्षस, आणि खरी मजा म्हणजे वाटेत सापडणाऱ्या जादूच्या वस्तू. अंगठी मिळाली, पण ती घातल्यावर जखमा भरतात की बोट गळून पडतं, हे नितीन सांगणार नाही. ते आपलं आपण शोधायचं.

माझी रीत सोपी होती: दिसलं की घालायचं. दादांचा जादूगार मात्र वस्तूला आधी काठीने ढोसणार, मग पाण्यात बुडवणार, मग दुरून नुसता बघत बसणार. एकदा एका झग्यापायी त्यांनी अख्खी दुपार घालवली. बशीतली मावा जिलेबी संपली तरी झगा खुंटीवरच. मी वैतागले की म्हणायचे, "पहले हे सांग, ही चीज इथं ठेवली कोणी? आन् कोणासाठी? तो कोणी म्हणजे आपण नाही ना, इतकं बघ. मग खुशाल घाल." हे सांगताना त्यांनी पाय खुर्चीवर वर घेतलेले असत आणि कपाळावर खरोखरचा घाम असे. आम्ही त्यावर पोट धरून हसायचो.

एका रविवारी मी एक मोत्यांची माळ कोणाला न विचारता गळ्यात घातली आणि ती आवळतच गेली. वर्षभर सांभाळलेली माझी तलवारवाली तिथेच संपली. मी हसले आणि नवं पात्र रचायला घेतलं. दादा उठून गॅलरीत गेले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "तू हसली कशी गं? मेली ना ती." मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही खेळ निंबोल्याला, मामांच्या केळीच्या मळ्यात नेला. जेवणं झाल्यावर नितीन झाडाखाली फासे मांडत बसला आणि दादा नि मी बांधाने फिरायला निघालो. एका केळीच्या बुंध्याशी कणकेचा गोळा पडला होता, लिंबाएवढा, वर दोरा गुंडाळलेला. मी उचलला आणि दादांपुढे तळवा धरला. म्हटलं, घ्या, जादूची वस्तू.

दादा पांढरेफटक पडले. मग अगदी हळू म्हणाले, "मानसी, मूठ आवळू नको. फेकू बी नको."

मला वाटलं, खेळतायत. पण त्यांची नजर माझ्या हातावर नव्हती, जमिनीवर होती. मीही बघितलं. ठिबकच्या नळीखालच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, माती उकरलेली होती, दोन रोपं मोडून पडली होती. रानडुकरं. कोणीतरी डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवला होता. त्यांनी चावला की फुटणारा. असल्या गोळ्याने एका गाईचा जबडा उडाल्याचं मामा सकाळीच सांगत होते.

भीतीने माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. हात माझा राहिलाच नाही. स्थिर ठेवू म्हटलं की जास्तच कापायचा आणि गोळा तळव्यावर इकडून तिकडे सरकायचा. तुम्ही पळा, असं मी दादांना रडत रडत सांगितलं.

कुत्रं दिसलं की गल्ली बदलणारे दादा जवळ आले. छत्री टाकून त्यांनी आपले दोन्ही हात माझ्या हाताखाली धरले. "खाली बसायचं. सावकाश. मी बी बसतो." आम्ही बसलो. ओल्या मातीला टेकवून त्यांनी माझा तळवा कलता केला, गोळा घरंगळला आणि तिथेच पडून राहिला. तसेच बसल्या बसल्या आम्ही मागे सरकत बांधापर्यंत आलो. तिथे दादांना भडभडून उलटी झाली. पोलीस येईपर्यंत मात्र ते हलले नाहीत. कोणी गुरं घेऊन यायचा, म्हणत, बांध अडवून उभे राहिले. गोळा खराच होता, दाबला असता तर फुटला असता, असं पोलिसांनी सांगितलं. ठेवणारा सापडला नाही.

नंतर कोणी त्यांना शूर म्हटलं की त्यांना चक्क राग यायचा. मला तर कितीतरी दिवस पोळीची कणीक हातात घेववत नव्हती.

यंदा त्यांची जबलपूरला बदली झाली. नितीन आणि मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी उभी होती तेव्हा मी इतके दिवस तोंडावर आलेला प्रश्न विचारला. तो फुटणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?

"नाही गं. मला तर वाटलं, आता फुटला."

"मग जवळ कशाला आलात?"

असं काय विचारते ही, अशा चेहऱ्याने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू एकटी होती ना तिथं."

गाडी हलली तशी मी टाटा करायला डब्याच्या दाराकडे धावले. पण दादा केव्हाच आत जाऊन बसले होते. चालत्या गाडीच्या दारात उभं राहायची त्यांना भीती वाटते.