डाव्या हाताचं घर

माझा मुलगा माजिवड्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. घरून काम असलं की फोनवर सारखं चालू, "आर्किटेक्चरच चुकलंय." मी भाजी निवडत ऐकायचे. विटा नाहीत, सिमेंट नाही, मग मेलं आर्किटेक्चर कसलं? एकदा विचारलंच. तो म्हणाला, "अगं आई, काय कुठे असावं आणि कशाला कशाशी जोडावं, ते आधी ठरवायचं. बिल्डिंग असो नाहीतर ॲप." मी म्हटलं, बरं बाबा.

तेव्हा आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली आणि आम्ही ठाकुर्लीला भाड्याने राहत होतो. सासऱ्यांची नजर काचबिंदूने कधीच गेली होती. पण जुन्या घरात ते डावा हात भिंतीवर ठेवून खाटेपासून बाथरूमपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात एकटे फिरायचे. ठाकुर्लीत सगळंच उलटं. एकदा आपटले, मग त्यांनी धसकाच घेतला. बाथरूमसाठी मला हाक मारावी लागते म्हणून संध्याकाळचा चहा सोडला. "मी काय पाहुणी आहे का, हाक मारायला लाजताय ते?" असं मी खेकसायचे, पण आतून गलबलून यायचं. नव्या घरातही असंच झालं तर हा माणूस खाटेवरच संपेल, याची मला धास्ती होती.

सोसायटीच्या मीटिंगला नौपाड्याहून आर्किटेक्ट बाई नकाशे घेऊन आल्या. आमची माणसं त्यांना काय विचारणार? देवघर कुठे, गॅसचं तोंड कुठे. आर्किटेक्ट म्हणजे वास्तुशास्त्रवाली, हीच सगळ्यांची समजूत. त्यात आमचे जुने शेजारी सगळ्यांत पुढे, खिशात होकायंत्र घेऊन. कुणाला कुठला फ्लॅट, याच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांना आग्नेयेच्या स्वयंपाकघराचा फ्लॅट लागला होता, त्यामुळे स्वारी खूश होती.

मी विचारलं, "आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूम कुठल्या हाताला?" बाईंना आधी कळेना. सासऱ्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी जुन्या घराचा सगळा रस्ता माझ्याकडून समजून घेतला. मग म्हणाल्या, "समोरचा फ्लॅट तसाच आहे. तुमचा आरशातल्यासारखा उलटा. पण स्लॅब टाकून झालेत, आता पाइप हलवता येणार नाहीत." समोरचा फ्लॅट शेजाऱ्यांचा. आयुष्यभर ज्यांनी उशीसुद्धा दिशा बघून ठेवली, त्यांच्याकडे हे मागायला माझी जीभ रेटेना.

पुढच्या रविवारी तेच शेजारी बायकोला घेऊन ठाकुर्लीला आले. बसायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, मीटिंगमध्ये तुमचं बोलणं ऐकलं मी. फ्लॅट बदलून घेऊ. कमिटीशी बोललोय मी."

"अहो, पण आमचं स्वयंपाकघर नैऋत्येला आहे."

"माहितीये."

"होकायंत्र नातवाला दिलंय खेळायला," त्यांची बायको हळूच म्हणाली.

खाटेवरून सासरे म्हणाले, "अरे, माझ्यापायी असलं काही करू नकोस. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"म्हणू दे की काका. तुम्ही चालावं, एवढंच मागितलंय मी तिच्याकडे."

मला नीट आभारही मानता आले नाहीत. "चहा न घेता गेलात तर बघा," असं उगाच दरडावून मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. असे शेजारी मिळायला मी काय पुण्य केलं होतं, मला खरंच माहीत नाही.

मुलाला म्हटलं, "तुझ्या त्या आर्किटेक्चरमध्ये कोण कोणासाठी सरकतं, तेही धर." तो म्हणाला, "आई, कंपनीत असं चालत नाही." नसेल चालत.

नव्या घरात सासरे पहिले काही दिवस भिंती चाचपत स्वतःशीच पुटपुटत होते. मी मागे मागे फिरले की चिडायचे. एका दुपारी मी पोळ्या लाटत असताना बेल वाजली. हात धुऊन बाहेर येईपर्यंत दार उघडलेलं होतं. डावा हात भिंतीवर ठेवून सासरे दारात उभे होते आणि उंबऱ्यापलीकडे शेजारी. "काका, तुम्ही?" ते म्हणाले.

"कोण, तू होय?" सासरे म्हणाले. "ये, आत ये. घर तुझंच आहे."

तव्यावरची पोळी करपत होती. मी ती करपू दिली.