संध्याकाळचं बसणं

आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉल्या, नांगर, दारं-खिडक्या, सगळं करायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचा हात सकाळी थरथरायला लागला. दारूचा घोट घेतल्याशिवाय काम सुरू होईना. मी अंगणवाडीत शिकवायची, घर त्यावर चालायचं.

लोक सांगायचे, औंढ्याला नागनाथासमोर शपथ घ्यायला लावा. पण सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव कयाधू नदीत सोडले होते. विहारात पंचशील म्हणताना दारू न पिण्याचं शील आलं की मालकांचा आवाज बारीक व्हायचा.

एकदा दुकानातच त्यांना फिटचा झटका आला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, थरथर थांबेपर्यंत औषधं दिली. "घरच्या घरी एकाएकी बंद करू नका, जिवावर बेततं," असं मला बजावलं. आणि नांदेडला दारू सोडलेल्यांचा एक गट भरतो, तिथं जा म्हणाले.

आम्ही एसटीनं गेलो. एकेक जण उभा राहून स्वतःची हकिगत सांगत होता. कोणी हसत नव्हतं, कोणी उपदेश करत नव्हतं. मला रडू आलं. मग त्या गटाच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या वाचल्या. आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हवाली व्हायचं, असं त्यात होतं. शेवटी सगळे प्रार्थनेला उभे राहिले. मालकांचे ओठ हलले नाहीत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिलं. त्यांनी मालकांचा हात हातात घेतला. "देवच म्हणा असं नाही हो. ज्याच्यावर भरवसा आहे त्याला माना."

परतताना एसटीत मालक म्हणाले, "माणसं लई चांगली हायत. पण बापानं सोडलेले देव म्या दारूपायी परत आणू काहून? खोटं बोलून पेत होतो. आता खोटं बोलून सोडू?"

"मग देव राहू द्या," मी म्हटलं. "त्यांच्याजवळ दुसरं जे हाय ते घ्या."

"दुसरं काय हाय?"

"एकमेकाजवळ बसून खरं बोलून राहिले ना ते."

 पुढच्या खेपेला मालकांनी डॉक्टरांना देवाची ही अडचण सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, "तलफ कधी येते?"

"दिवेलागणीला."

"मग तेव्हा रिकामं राहू नका, उपाशी राहू नका. तलफ येते तशी ओसरते. तेवढा वेळ कोणाजवळ तरी बसा."

मालकांबरोबर प्यायला बसणारा एक मेंढरंवाला होता. मोठा देवभोळा. त्यानं नागनाथाला शपथ घेतली होती, ती मोडली, आणि देव कोपला या भीतीनं आणखीच प्यायला लागला होता. मालकांनी त्याला दुकानात बोलावलं. "बसायचं, पण बाटली न्हाई. देवाचं नाव न्हाई अन् पापाचं बी न्हाई. आज तलफ कवा आली, मग काय केलं, एवढंच सांगायचं."

दोघं लोखंडाच्या कांबींवर बसायचे. मी शेंगदाणे आणि चहा द्यायची अन् परत यायची. एका संध्याकाळी मी रिकामे कप घेऊन निघाले आणि पाय थांबला.

"तुमी तलफेचं बोलता. माझी बारी कवा येणार?" मी विचारलं.

मालक चपापले. मेंढरंवाल्यानं पोतं झटकून जागा केली. "बस, वयनी."

मी बोलले. पिऊन रस्त्यावर पडलेल्या नवऱ्याला उचलायला लेकरं घेऊन कशी जायची, मी आले की अंगणवाडीतल्या बायका विषय कसा बदलायच्या, ते सगळं. मालक खाली मान घालून ऐकत होते. मधे एकदा "व्हय" म्हणाले. माफी मागितली नाही. पण एवढ्या वर्षांत माझं शेवटपर्यंत ऐकलं ते त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी मेंढरंवाला बायकोला घेऊन आला.

सगळं सरळ झालं नाही. माझ्या भावाच्या लग्नात मालक प्यायले. दोन दिवस दुकान उघडलं नाही. मेंढरंवाला घरी आला, उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "शपथ थोडीच व्हती मोडायला? चला, काय झालं ते सांगा." मालक उठून त्याच्यामागं गेले. त्यानंतर मी त्यांना प्यायलेलं पाहिलं नाही. मेंढरंवाल्याचंही सुटलं. तो पुन्हा देवळात जायला लागला. मालकांनी त्याला कधी टोकलं नाही. पुढं आमच्यात येऊन बसू लागलेला एक ट्रकवाला मात्र परत दारूकडे गेला आणि त्यातच संपला. आम्ही सगळे त्याच्या मातीला गेलो.

दोन हजार सालानंतर बाहेरगावचीही माणसं यायला लागली. ज्याला प्रार्थना हवी त्याला मालक स्वतः नांदेडचा पत्ता सांगत. एकदा सेनगावहून एक बाई जीपनं आली. एकटीच. दारातच उभी राहून म्हणाली, "माझा नवरा काई येत न्हाई. मी एकली बसले तर चालंल का?"

मी पोत्यावर बाजूला सरकले आणि तिला जागा केली.