नऊ नंबरच्या बाई

आमची आई दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली, पण तिचा वॉर्ड काही सुटला नाही. बाबांचं हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला सव्वा लिटरच पाणी, लघवी मोजा, रोज वजन करा. झालं! चहा, दूध, गोळीबरोबरचा घोटसुद्धा वहीत चढू लागला. "या घरात रडायचीही चोरी," बाबा म्हणायचे, "लगेच भांडं घेऊन येईल."

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. कुणी नळीने ग्लासात बुडबुडे काढले, की ती पांढरीफटक पडायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, नऊ नंबरच्या बाई." पुढे विचारायची आमची टाप नव्हती.

त्या दिवशी ती डोळे तपासायला गेली आणि वही माझ्याकडे आली. मला ऑफिसचे फोनवर फोन. बाबांच्या खोलीत मी डोकावलेही नाही. चार वाजता जिन्यात तिची पावलं ऐकली आणि लघवीच्या रकान्यात घाईघाईने दोनदा दोनशे लिहून मोकळी झाले.

आईने वही पाहिली. मग मोजायचं भांडं पाहिलं. ते कोरडं ठणठणीत होतं. ती तडक बाबांच्या खोलीत गेली.

बाबा तीन उशांना टेकून धापा टाकत होते. "तुझं काम चाललं होतं," ते मला म्हणाले, "म्हणून हाक नाही मारली." आईने त्यांच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. तिने डॉक्टरांना फोन लावला. लघवी होण्याचं इंजेक्शन द्या, गाडी पाठवतो, असं ते म्हणाले.

तिने हात धुतले. घरात ठेवलेली औषधाची कुपी उजेडात धरून नाव आणि तारीख वाचली, नवी सिरिंज फोडली, पुसलेली जागा वाळू दिली.

"पूर्ण नाव सांगा."

"तुझा नवरा," बाबा धापेतच म्हणाले.

"पूर्ण."

त्यांनी सांगितलं, तेव्हाच सुई शिरेत गेली. औषध तिने अगदी सावकाश सोडलं आणि सुई टोपण न लावता जाड डब्यात टाकली. मग बाबांचं मनगट धरून बसली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"पोटाचं ऑपरेशन झालं होतं नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईंचं. सलाईन चालू होतं. माझ्याकडे चाळीस पेशंट. लघवीच्या रकान्यात मी न बघताच तीनशे लिहिलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि सलाईन चालूच ठेवलं. संध्याकाळी फुप्फुसात पाणी भरलं आणि छातीतून बुडबुडे वाजायला लागले. त्यांची मुलगी मला विचारत होती, सिस्टर, हा कसला आवाज?"

"मग?"

"मग काय. गेल्या."

गाडी यायच्या आत बाबांनी भांडं मागितलं. तीनशे चाळीस. माझ्या जिवात जीव आला. आईने आकडा लिहिला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तुझे आकडे खोड. लिही, मोजलं नाही."

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"लाज वाटते ना? मलाही वाटली होती. हे दोन शब्द लिहिले असते, तर कुणीतरी जाऊन त्यांच्याकडे पाहिलं असतं गं."